गरम कपडे आवरून ठेवताना: धुण्यापासून पावसाळ्यातल्या तपासणीपर्यंत

थंडी सुरू झाली की दरवर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. ‘डांबर गोळ्या घातल्या होत्या, तरी कसर लागली.’ ‘धुऊनच ठेवला होता, तरी कुबट वास येतोय.’ ‘एका धुण्यात स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झाला.’ खोदून विचारलं की कळतं, कपडा एकदाच घातला म्हणून न धुताच ठेवला होता. किंवा धुतला होता, पण संध्याकाळी दोरीवरून काढून थेट ट्रंकेत गेला होता.

आपल्याकडे स्वेटर दोन-अडीच महिने अंगावर असतो आणि नऊ-साडेनऊ महिने बंद असतो. त्या बंद काळात अख्खा पावसाळा येतो. त्यामुळे मार्चमध्ये जे काही करायचं ते जुलैची हवा डोळ्यांसमोर ठेवून करायचं. कपडा वाचतो तो नीट धुतल्याने आणि पूर्ण वाळल्याने. गोळ्या, वेखंड, लवंगा यांचं काम त्यानंतरचं आणि तेही थोडंच.

कधी सुरुवात करायची

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे वेळापत्रक अजूनही चालतं. नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ या भागांत मार्चची हवा कोरडी असते, ऊन कडक असतं, जाड कपडा दीड-दोन दिवसांत आतपर्यंत वाळतो. मुंबई-कोकणात मात्र होळीपर्यंत थांबू नका. तिथे फेब्रुवारीतच उरकून घ्या, कारण मार्चपासून हवेतला ओलावा जाणवायला लागतो. मेच्या शेवटावर ढकललेलं काम बहुतेक वेळा बिघडतं. वळवाचा एक पाऊस आला की अर्धवट वाळलेली रजई घरात येते आणि मग पुन्हा बाहेर जात नाही.

सगळं एकाच रविवारी करायला जाऊ नका. पहिल्या रविवारी छाटणी आणि दुरुस्ती, दुसऱ्या रविवारी लोकर, तिसऱ्या रविवारी अंथरुण-पांघरुण. एका दिवसात उरकायचं ठरवलं की वाळवण्याच्या वेळेलाच कात्री लागते.

१. सगळं बाहेर काढा आणि धाग्याप्रमाणे ढीग करा

जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा आणि त्यावर सगळं ठेवा. पांढरीच, म्हणजे झटकताना काय पडलं ते दिसतं. खिसे उलटे करा. जॅकेटच्या खिशातला शेंगदाणा किंवा चॉकलेटचा कागद झुरळ-मुंग्यांना बोलावणं धाडतो.

ढीग व्यक्तीप्रमाणे करू नका, धाग्याप्रमाणे करा: खरी लोकर, अ‍ॅक्रिलिक, कापूस (गोधड्या, रजया, सुती शाली), जॅकेटं, आणि ड्रायक्लीनला द्यायचं ते. धुण्याची आणि ठेवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी आहे.

बाजारात ‘लोकरीचा’ म्हणून मिळणारा बराच माल अ‍ॅक्रिलिक असतो. लेबल निघून गेलं असेल तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत सहज चुरली, तर लोकर. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. दोन्ही खुणा मिसळून आल्या तर मिश्र धागा आहे, त्याला लोकरच समजा.

लेबल असेल तर त्यावरच्या चार खुणा पुरतात. टबमध्ये हात म्हणजे हाताने धुवा. टबमध्ये ३० म्हणजे पाणी ३० अंशांपर्यंतच. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. टबवरच फुली आणि शेजारी मोकळं किंवा अक्षर लिहिलेलं वर्तुळ म्हणजे पाणी नको, ड्रायक्लीन.

२. धुण्याआधी कीड तपासा

कसर म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो, ती एक कीड नाही. लोकर, रेशीम, पिसं खातात त्या कपड्यांवरच्या पतंगांच्या अळ्या आणि काही बारीक भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या. उडणारा छोटा पतंग स्वतः काहीच खात नाही, तो फक्त अंडी घालतो. दुसरी ती चंदेरी, सळसळत पळणारी सिल्व्हरफिश. तिला खळ, कागद, खळ केलेलं सुती कापड आवडतं. लोकरीसाठी केलेला उपाय सुती कपड्याला पुरत नाही, तो यामुळे.

अळीला नुसत्या लोकरीपेक्षा घाम आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त मानवते. माझ्या आईने विणलेला मरून स्वेटर मी एका जानेवारीत लग्नाला घातला होता. छातीवर बासुंदीचे थेंब पडले, ते ओल्या रुमालाने पुसले आणि मळला नाही म्हणून तसाच घडी करून ठेवला. डिसेंबरमध्ये उघडला तेव्हा पाठ, बाह्या जशाच्या तशा होत्या आणि छातीवर, बरोबर त्या जागी, तीन भोकं होती. एका भोकाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी नळी चिकटलेली होती, तीही मरून. अळी जी लोकर खाते तिच्याच धाग्यांनी स्वतःभोवती घर विणते, म्हणून ते घर स्वेटरच्याच रंगाचं असतं आणि नजरेला चकवतं.

म्हणून उजेडात, बोटांनी चाचपून पाहा. कॉलरखाली, काखेत, खिशाच्या आत, बटनपट्टीच्या मागे. बारीक रेशमी जाळं, वाळूसारखे कण, रंगीत नळ्या दिसल्या तर तो कपडा लगेच वेगळ्या पिशवीत बांधा. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कपड्यावर दव धरतं. मग अंगणात किंवा गच्चीत झटका, ब्रश मारा आणि धुवा.

> सावधान: किडका कपडा घरात झटकू नका. अंडी शेजारच्या ढिगावर उडतात.

३. आधी टाका, मग पाणी

धुण्याआधी दुरुस्ती. ओली लोकर जड होते आणि सुटलेला एक टाका धुण्यात चार टाके घेऊन जातो. त्याच रंगाच्या धाग्याने भोकाच्या कडेचे टाके पकडून ठेवा, सुबक रफू पुढच्या हंगामात केलंत तरी चालेल. सैल बटणं काढून त्याच कपड्याच्या आत सेफ्टी पिनने अडकवा. चेन लावून घ्या, उघड्या चेनचे दात लोकर ओढतात.

डाग या टप्प्यालाच काढायचे. तेलाच्या डागावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. चहा, वरण, दूध यांचे डाग गार पाण्यात बुडवून बोटांनी टिपायचे, चोळायचे नाहीत. कॉलर, मनगट आणि काखेत, डाग दिसो न दिसो, लोकरीच्या लिक्विडचा थेंब लावून ठेवा. घामाचा डाग आज दिसत नाही, नऊ महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो.

हातविणीचा स्वेटर असेल तर आणखी एक काम. जुन्या चादरीवर तो कोरडा पसरा आणि पेन्सिलने कडेने आकार आखून घ्या: खांदे, बाह्यांची लांबी, खालचा घेर. ओला स्वेटर याच आखणीवर वाळवायचा आहे. पाच मिनिटांचं काम, पण माप हातातून जात नाही.

४. धुणं

*खरी लोकर.* लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. एकदा आटलेली लोकर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

- बादलीत गार किंवा हाताला जेमतेम कोमट लागेल एवढं पाणी घ्या. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी सारख्याच तापमानाचं हवं. कोमटातून एकदम गारात टाकणं हीसुद्धा आटण्याला मदतच.
- ईझीसारखं लोकरीचं लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या आणि आधी पाण्यात पूर्ण मिसळा. रिठ्याचं पाणी गाळून वापरलंत तरी उत्तम, फक्त पांढऱ्या आणि फिक्या लोकरीला ते टाळा.
- एका वेळी एकच कपडा, उलटा करून. १० ते १५ मिनिटं भिजवा. तळहाताने दाबायचं, सोडायचं. कणीक तिंबायची नाही आणि ब्रश तर मुळीच नाही.
- पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा खळबळा. राहिलेलं लिक्विड धागा चिकट करतं आणि चिकट धाग्यावर धूळ बसते.
- उचलताना खांद्याला धरून उचलू नका. दोन्ही हातांनी खालून आधार द्या आणि रोवळीत किंवा मोठ्या चाळणीत निथळत ठेवा.

> सावधान: नेहमीची धुण्याची पावडर, सोडा आणि ब्लीच लोकरीला नको. लोकर हे प्रथिन आहे. सोडा तिला झिजवतो, क्लोरीनचं ब्लीच तिला पिवळं करून विरघळवतं, आणि पावडरीत प्रथिनांचे डाग खाणारी जी विकरं असतात ती डाग आणि लोकर यांत फरक करत नाहीत.

मशीनला ‘वूल’ किंवा ‘हँडवॉश’ प्रोग्रॅम असेल तर साधे, मशीनविणीचे स्वेटर जाळीच्या पिशवीत घालून लावता येतात. हातविणीचे लावू नका.

*अ‍ॅक्रिलिक.* याला अळी लागत नाही, पण न धुता ठेवलं तर कुबट वास आणि डाग याही कपड्याला आहेतच. सौम्य लिक्विड, गार पाणी, मशीनचं हलकं चक्र. त्याचा शत्रू उष्णता. गरम इस्त्री किंवा वाफ लागली की अ‍ॅक्रिलिक कायमचं सैल पडतं, मग बाह्या लोंबत राहतात. इस्त्री करूच नका.

*पश्मिना, रेशीम मिसळलेल्या शाली, भरतकाम, अस्तराचे कोट.* ड्रायक्लीन. देताना डाग बोट ठेवून दाखवा आणि तो कशाचा आहे ते सांगा. परत आल्यावर प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा आणि कपडा मोकळ्या हवेत दिवसभर टांगा. ते प्लॅस्टिक दुकान ते घर एवढ्यापुरतंच असतं.

*पिसांची जॅकेटं.* ट्रेकला किंवा हिमाचल-लडाखला जाणाऱ्या घरांत ही असतात. सौम्य लिक्विड थोडंसं, भरपूर खळबळणं. ओली पिसं गोळा होऊन कोपऱ्यात बसतात, ते गोळे दर दोन तासांनी बोटांनी मोडत राहावे लागतात. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस धरा.

*घोंगडी.* ही वारंवार धुण्याची वस्तू नाही. विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, मशीनमध्ये ती निघते आणि घोंगडी बेढब होते. झाडा, उन्हात टाका, मऊ ब्रश मारा. फारच मळली असेल तर मोठ्या टबात रिठ्याच्या गार पाण्यात दाबून काढा आणि आडवी वाळवा.

*गोधडी आणि रजई.* गोधडी धुता येते, पण ओली गोधडी एकट्याने उचलू नका, टाके तटातट तुटतात. कापूस भरलेली रजई पाण्यात घालायची नाही. खोळ काढून धुवा आणि आतली रजई दोन दिवस, दोन्ही बाजूंनी, कडक उन्हात टाका. कापूस गाठाळला असेल तर आताच पिंजून घ्या.

थर्मल, मोजे, कानटोप्या: साधं धुणं, फक्त इलॅस्टिकला गरम पाणी नको. चामड्याचं जॅकेट किंचित ओलसर कापडाने पुसून सावलीत वाळवा, त्याच्या ठेवण्याचं पुढे येतंच.

५. वाळवणं

लोकरीला पिळायचं नाही. जमिनीवर कोरडा टर्किश टॉवेल पसरा, त्यावर निथळलेला स्वेटर सरळ ठेवा आणि दोन्ही मिळून सुरळी करा, पोळीची करतो तशी. सुरळीवर तळहातांनी, मग गुडघ्याने भार द्या. टॉवेल जड होईल. दुसरा कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा एकदा. यानंतर स्वेटर नुसता दमट उरतो.

आता तो आखून ठेवलेल्या आकारावर पसरा, कडा हळूच ओढून रेघेला लावा, बटनपट्टी सरळ करा. खालून हवा लागली तर लवकर वाळतो, म्हणून चादर बाजेवर किंवा उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर टाका. सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात रंग उतरतो आणि पांढरी लोकर पिवळी पडते. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो आणि खांद्यावर चिमट्यांचे कान उभे राहतात. सुती गोधड्या-रजयांना मात्र ऊन हवंच, भरपूर.

> तपासा: वरून कोरडं वाटणं पुरेसं नाही. काखेची जोडशिवण, कॉलरची घडी, खिशाचा तळ, रजईचे कोपरे गालाला लावून पाहा. तळहातापेक्षा गालाला ओल पटकन कळते. शंका असेल तर कपडा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अर्धा तास उन्हात ठेवा. आतून वाफ धरली तर अजून एक दिवस वाळवा.

आणि इथे सगळ्यात जास्त होणारी चूक: उन्हातून काढलेला गरम कपडा लगेच घडी करून बंद करणं. पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा, गार होऊ द्या. सकाळी दव उडाल्यावर, दुपारी कोरड्या हवेत पॅक करा. संध्याकाळी नको.

६. जागा आधी तयार करा

कपडे वाळत असताना कपाट, ट्रंक किंवा दिवाण पूर्ण रिकामा करा. फटी आणि कोपरे व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. गळलेले केस, धूळ, जुन्या लोकरीचे तंतू हे अळीचं अन्नच. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि दिवसभर उघडं ठेवा.

खाली वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडा. सिल्व्हरफिशला कागद खायला मिळतो आणि शाई फिक्या कपड्याला लागते. धुतलेली, खळ न केलेली सुती चादर अंथरा. पत्र्याच्या ट्रंकेत गंजाचे ठिपके असतील तर घासून काढा, नाहीतर पावसाळ्यात ते लोकरीवर उमटतात. ट्रंक थेट फरशीवर नको, दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवा. कपाट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. बाथरूमची भिंत आणि गळका माळा, या दोन्ही जागा बाद.

७. घडी आणि बांधणी

स्वेटर हँगरवर नाही, घडी करून. जड खाली, हलके वर. जुनी सुती साडी किंवा धोतर असेल तर त्याहून चांगलं वेष्टण विकत मिळत नाही. आजीचं नऊवार इतक्यांदा धुतलेलं असतं की त्यात खळीचा अंशही उरत नाही. ते हवा खेळू देतं आणि कपड्याला घासत नाही. लोकरीचे बोचके वेगळे, सुती वेगळे.

व्हॅक्यूम पिशव्या पॉलिस्टर भरलेल्या रजयांना आणि अ‍ॅक्रिलिकला ठीक आहेत. पिसांच्या जॅकेटाला नाहीत: महिनोन्‌महिने दाबलेली पिसं पुन्हा नीट फुलत नाहीत, मग जॅकेट आहे पण ऊब नाही. ते सैल टांगा. चामड्याचंही रुंद हँगरवर, सुती खोळीत. प्लॅस्टिकमध्ये त्याला बुरशी ठरलेली.

प्रत्येक बोचक्यात काय आहे आणि कधी ठेवलं याची चिठ्ठी बाहेर लावा, म्हणजे एका मफलरसाठी चारही बोचकी सुटत नाहीत.

ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या चालतात. पाणी जमा होणारे डबे वापरत असाल तर ते कपड्यांच्या वर ठेवू नका. सांडलेलं पाणी खारट असतं आणि ते सुकत नाही.

८. डांबर गोळ्या आणि वेखंड

डांबर गोळीची वाफ बंद जागेत साठली तरच काम करते. रोज दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात ती कीड मारत नाही, फक्त खोलीत वास भरते, आणि तो वास श्वासात घेण्यासारखा नाही. वापरायच्याच असतील तर घट्ट बंद होणाऱ्या ट्रंकेत, सुती पुरचुंडीत बांधून, पाकिटावरच्या प्रमाणात, कपड्यांच्या वरच्या बाजूला. वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. गोळी थेट कपड्याला किंवा प्लॅस्टिकच्या बटणाला लागू देऊ नका.

> सावधान: बाळाचे कपडे डांबर गोळ्यांबरोबर कधीही ठेवू नका. बाळंतविड्यातला लोकरीचा सेट, टोपडं, मोजे पुढच्या बाळासाठी जपून ठेवायची आपली रीत आहे. जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी डांबर गोळीतल्या नॅप्थलीनमुळे फुटतात, त्यातून तीव्र कावीळ आणि रक्तक्षय होतो. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. बाळाचे कपडे धुऊन, वाळवून, नुसत्या सुती कापडात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गोळी पांढऱ्या गोडगोळीसारखी दिसते, चालत्या-रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही हेही पाहा.

डांबर गोळी आणि कापूर एकत्र ठेवू नका. दोघे एकमेकांत मिसळले की ३०-३२ अंशांच्या आसपास पातळ होतात. आपल्या एप्रिलमध्ये ते डाग होऊन कपड्यावर उतरणार. दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्याही एकत्र नकोत.

वेखंडाचे तुकडे, लवंगा, सावलीत कडकडीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला यांनी पतंग थोडे दूर राहतात. आधीच असलेली अंडी-अळ्या मरत नाहीत, आणि दोन महिन्यांत वास उडाला की उपयोगही संपतो. मी वेखंड घालते, कारण मला तो वास आवडतो, पण भरवसा धुण्यावरच ठेवते. हिरवा पाला घालू नका, त्याची ओल आणि हिरवे डाग दोन्ही कपड्याला लागतात.

९. पावसाळ्यातली एक फेरी

जुलैच्या अखेरीपर्यंत काही उघडू नका. मग एखादा उघडिपीचा, वाऱ्याचा दिवस बघून दुपारी एकदाच पाहा. सगळं सोडायचं नाही. भिंतीकडचं एक बोचकं आणि तळातलं एक, एवढी दोन तपासा. नाक लावा, घड्यांच्या कडा बघा, सिलिकाच्या पुड्या बदला, वेखंड ताजं घाला आणि बंद करा. पाऊस सुरू असताना ‘जरा हवा लागू दे’ म्हणून ट्रंक उघडी ठेवली तर हवेबरोबर ओल आत जाते.

पांढुरकी बुरशी दिसली तर तो कपडा बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, धुवा आणि पुन्हा पहिल्यापासून वाळवा. बाहेर पाऊस असेल तर पंख्याखाली दोन दिवस, आणि तोवर तो बाकीच्या कपड्यांत परत जाणार नाही.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की दिवाळीच्या साफसफाईतच सगळं बाहेर काढा. रजया-गोधड्या उन्हात, लोकर सावलीत, एक पूर्ण दिवस. डांबराचा वास असलेले कपडे दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवून, शक्यतो धुऊनच, अंगात घाला.